अंथरुणावरचा रमजान

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. ताप होता, पण हिवताप नव्हता. सातांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी मे महिन्याच्या अखेरीस गोदीला लागलेल्या एका जहाजाकडे बोट दाखवले. सरकारचे म्हणणे नेमके उलटे होते. जहाजावरच्या लोकांनीच हा ताप मुंबईतून घेतला, असे सरकार म्हणत होते. वादाचा निकाल लागण्याआधीच ताप गोदीबाहेर पडून कचेऱ्यांत, गिरण्यांत आणि चाळींत शिरला होता.

पंचांग आणि हिजरी कालगणना शेजारी ठेवून पाहिली, तर या तारखेजवळ थांबावेसे वाटते. ९ जूनच्या पहाटे अमावास्या संपली. म्हणजे दहा तारखेच्या संध्याकाळी रमजानचा चंद्र आणि अकराला पहिला रोजा. ज्या दिवशी ते सात शिपाई खाटेवर पडले, त्याच संध्याकाळी मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोक गच्चीवर चढून पश्चिमेकडे पाहत असणार. १० जुलैच्या सुमारास ईद झाली आणि साथीची पहिली लाटही तोवर ओसरू लागली होती. मुंबईतली इन्फ्लुएंझाची पहिली लाट आणि हिजरी १३३६चा रमजान, दोन्ही जवळजवळ एकाच महिन्यात आले आणि गेले. चांद्रमासाप्रमाणे तो ज्येष्ठ होता, म्हणजे निर्जला एकादशीही त्यातच.

जूनमध्ये मुंबईत सहरीची वेळ संपल्यापासून मगरिबच्या अजानपर्यंत साधारण साडेचौदा तास होतात. एवढा वेळ घशाखाली पाण्याचा थेंब नाही. निरोगी माणसाला हे जमते, सवयीने जमते. पण एकशे दोन-तीन अंश ताप, हाडे मोडल्यासारखे अंग, कोरडा खोकला आणि सतत घाम अशा अवस्थेत साडेचौदा तास? महाराष्ट्रात जुन्या माणसांनी या साथीला ‘मानमोडी’ म्हटले. ज्याने या तापात मान उचलायचा प्रयत्न केला असेल, त्याला हे नाव कुणी ठेवले आणि का, हे विचारावे लागत नाही.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द इटालियन, अर्थ प्रभाव. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने ताप येतो, अशी जुनी समजूत होती. अरबी जाणणाऱ्यांत मात्र एक गमतीदार व्युत्पत्ती सांगितली जाते. ‘अन्फ-उल-अन्जा’, म्हणजे शेळीचे नाक. नाक गळणाऱ्या आजाराला ती शोभते, पण खरी नाही. ‘स्पॅनिश फ्लू’ हे नावही तसेच फसवे. स्पेन महायुद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धकाळची बंधने नव्हती, राजा आल्फोन्सो स्वतः आजारी पडला आणि बातम्या छापून आल्या. खरे बोलणाऱ्याच्या गळ्यात आजार बांधला गेला.

तर जूनच्या अखेरीस मुंबईत अशी स्थिती होती की जवळपास प्रत्येक घरात कुणी ना कुणी अंथरुणावर आणि प्रत्येक कचेरीत कारकुनांच्या खुर्च्या रिकाम्या. वर्तमानपत्रांचा वाचकांना सल्ला होता की घरी जा, पडून राहा, घाबरू नका. ३ जुलै हा पहिल्या लाटेतला सर्वात वाईट दिवस, त्या दिवशी शहरात २३० मृत्यू नोंदले गेले. रमजानच्या हिशेबाने तो तेविसावा रोजा. शेवटचा अशरा म्हणजे शेवटचे दहा दिवस चालू होते. शब-ए-कद्रच्या शोधात रात्री जागवायच्या, आणि त्याच रात्री घरात कुणाच्या तरी कपाळावर ओल्या कापडाची पट्टी बदलत बसायचे.

घरी पडून राहा, हा सल्ला मुंबईकरांना त्या वेळी मिळाला, यात एक मोठा इतिहास दडलेला आहे. त्याआधी वीसच वर्षांपूर्वी सरकारचे धोरण अगदी विरुद्ध होते. १८९६ला मुंबईत प्लेग आला, १८९७ला साथरोग कायदा झाला आणि शोधपथके घरोघर शिरू लागली. आजारी माणूस दिसला की रुग्णालयात, बाकीचे छावणीत, सामानाची होळी. पुण्यात रँडच्या कारभाराने काय घडवले ते प्रत्येक मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. मुंबईच्या मदनपुऱ्यात ९ मार्च १८९८ रोजी जे झाले ते तितकेसे सांगितले जात नाही. तिथे उत्तरेकडून आलेल्या मुसलमान विणकरांची, जुलाह्यांची वस्ती होती. एका घरात एक मुलगी आजारी होती. पथक तिला तपासायला आले, घरच्यांनी नकार दिला, गल्ली जमली, दगडफेक झाली आणि गोळीबारापर्यंत वेळ गेली. दंगल शहरात पसरली. पडद्यातल्या मुलीला परक्या पुरुषाने हात लावायचा नाही, हा त्यातला एक भाग होता. पण रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही ही भीती हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांचीच होती आणि त्या काळचे आकडे पाहता ती अगदीच खुळी म्हणता येत नाही. लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवत, गोधड्यांखाली झाकत.

१९१८मध्ये कुणी शोधायला आले नाही. इतक्या लोकांना एकदम ताप आला की त्यांना ठेवायला जागा नव्हती, डॉक्टर युद्धावर गेले होते आणि प्लेगच्या वेळचे चटके सरकारच्या लक्षात होते. सक्ती गेली हे बरेच झाले. पण सक्तीबरोबर मदतही गेली. लोकांना घर परत मिळाले ते असे. माणूस जगणार की जाणार हे आता त्या एका खोलीत ठरू लागले.

औषध नव्हते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. विषाणू हा शब्दच सामान्य वापरात नव्हता. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९३३ला. १९१८चे डॉक्टर फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ला दाखवलेल्या एका जिवाणूला दोष देत होते, आणि तो चुकीचा आरोपी होता. पेनिसिलीनचा शोध १९२८चा. कोयनेल दिले जाई, कापूर हुंगवला जाई, जंतुनाशक पाण्याच्या गुळण्या सांगितल्या जात. हकीम जोशांदा लिहून देत. उन्नाब, सपिस्तां, मुलेठी म्हणजे आपले ज्येष्ठमध, गुल-ए-बनफ्शा, खतमी हे सारे पाण्यात उकळून गाळायचे आणि गरम गरम प्यायचे. शेजारच्या वैद्याचा काढा काही फार वेगळा नसे. सुंठ, मिरी, तुळस, ज्येष्ठमध. यांतल्या कुठल्याच वनस्पतीने विषाणू मरत नव्हता. पण जोशांदा असो की काढा, त्यात पेलाभर गरम पाणी असते आणि ते दिवसातून तीन-चार वेळा पोटात जाते. तापाने सुकलेल्या माणसाला त्या पाण्याचाच मोठा आधार होता.

आणि इथेच रोजाचा प्रश्न येतो.

कुरआनात रोजाची आज्ञा सूरह बकरामध्ये आहे, आयत १८३ पासून पुढे. रोजे फर्ज आहेत हे सांगून झाल्यावर लगेचच, पुढच्याच आयतीत, आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. त्यांनी तेवढे दिवस नंतर कधी भरून काढावेत. पुढच्या आयतीत तीच सवलत पुन्हा सांगितली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नव्हे, असा आशयही तिथेच येतो. एकच सवलत लागोपाठ दोनदा. या सवलतीला ‘रुख्सत’ म्हणतात. न ठेवलेला रोजा नंतर ठेवणे म्हणजे ‘कजा’. ते दिवस सलग ठेवावेत असेही बंधन नाही. ‘फिदिया’, म्हणजे एका रोजाबद्दल एका गरजूला जेवण, हा मार्ग ज्याला बरे होण्याची आशाच नाही अशा जुनाट आजाऱ्यासाठी किंवा थकलेल्या वृद्धासाठी आहे. तापाच्या माणसाने पैसे देऊन मोकळे व्हायचे नाही. त्याने बरे व्हायचे आणि मग रोजे ठेवायचे. हा फरक आजही अनेक घरांत नीट माहीत नसतो.

हिंदू वाचकांना यात परके काही वाटू नये. धर्मशास्त्रात पाणी, दूध, फळे, औषध यांनी व्रत मोडत नाही असे सांगितलेच आहे. तरी निर्जला एकादशीला तापाने फणफणलेली आजी तांब्या बाजूला सारतेच. शास्त्रात सवलत असते. माणूस ती घ्यायला लाजतो. सवलत घेणे म्हणजे कमी पडणे, असे त्याला वाटते. रमजानमध्ये दिवसा पाणी पिताना आजारी माणूस दार लोटून घेतो, भिंतीकडे तोंड करतो. तरुण असेल तर वडील काय म्हणतील, आणि वडील असतील तर मुले काय म्हणतील. कुणी काही म्हणत नाही, तरीही. हदीसमध्ये असेही आले आहे की आजारी माणूस निरोगी असताना जी उपासना करत असे तिचे पुण्य आजारपणातही त्याच्या नावे लिहिले जाते. मौलवी मंडळी हे मिंबरवरून सांगतात. ते जरा जास्त वेळा सांगायला हवे, आणि रमजानच्या आधीच्या जुम्याला सांगायला हवे.

वैद्यकाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न सरळ आहे. ताप चढला की श्वास जलद होतो, घाम वाढतो आणि दोन्ही वाटांनी शरीरातले पाणी जाते. पाणी कमी झाले की छातीतला कफ घट्ट होतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवी कमी आणि गडद होते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट आणखी बिघडते. त्यातून इन्फ्लुएंझाची एक लबाडी आहे. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, माणसाला हुशारी वाटते, तो उठतो, न्हातो, कामाला लागतो. पण विषाणूने श्वासनलिकेच्या आतले अस्तर सोलून काढलेले असते. त्या अस्तरावरचे बारीक केस कचरा आणि जंतू वर ढकलत असतात, ते नाहीसे झालेले असतात आणि पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. त्या उघड्या जखमेवर एरवी घशात गप्प बसलेले जिवाणू उतरतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८मध्ये मेलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव या दुसऱ्या आजाराने घेतला, असा निष्कर्ष त्या काळचे जतन केलेले फुप्फुसांचे नमुने तपासून संशोधकांनी २००८ला मांडला.

म्हणजे ताप उतरल्यानंतरचे आठ-दहा दिवस पडून राहणे हाच खरा उपचार होता. आणि तो सर्वांना परवडत नव्हता.

गिरणीत गैरहजर राहिले की पगार नाही. आजारपणाचा भत्ता देणारा राज्य विमा कायदा यायला अजून तीस वर्षे होती, तो १९४८चा. युद्धामुळे धान्य महाग झाले होते. त्यात त्या वर्षीच्या पावसाने कमाल केली. मोसमी वारे केरळात ११ मेलाच पोचले, इतक्या लवकर ते कधीच आले नव्हते. आणि मग जुलैत पाऊस असा गायब झाला की देशभराच्या नोंदींतल्या सर्वात कोरड्या जुलै महिन्यांपैकी तो एक ठरला. खरीप गेला. ज्यांच्या घरात पेजेला मूठभर तांदूळ नव्हता त्यांच्यावर सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि ती पहिलीसारखी सौम्य नव्हती.

६ ऑक्टोबर १९१८ला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. पुन्हा पंचांग उघडावे लागते. ती मोहरमच्या चंद्राची संध्याकाळ होती. ७ ऑक्टोबरला हिजरी १३३७ सुरू झाले. नवरात्र बसले होते. १५ ऑक्टोबरला दसरा आणि त्याच दिवशी मोहरमची नऊ तारीख. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो हाच दिवस. सोने वाटायला आणि ताबूत उचलायला अंगात त्राण असलेली माणसे त्या आठवड्यात किती घरांत होती कोण जाणे. रेल्वेने ताप पुणे, सातारा, नगर, वऱ्हाड असा आत आत शिरला. मुंबई इलाख्यातल्या मृत्यूंचा आकडा दहा लाखांच्या घरात असावा असे अभ्यासक मानतात. देशभराचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत जातात. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली, असे त्याआधीही नव्हते आणि नंतर कधी झाले नाही.

मुंबईचे त्या वर्षीचे इन्फ्लुएंझाचे मृत्यू अधिकाऱ्यांनी जातीधर्मानुसार मांडले होते. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि ज्यांना तेव्हाच्या कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. हे आकडे जरा सावकाश वाचावेत. सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांच्यात फरक जवळजवळ नाही. एकाने तुळशीचा काढा घेतला, दुसऱ्याने बनफ्शाचा जोशांदा, आणि दोघे सारख्याच प्रमाणात गेले व सारख्याच प्रमाणात वाचले. खरी दरी आहे ती ८.३ आणि ६१.६ यांच्यात. खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत, वर नोकर पाणी देतो आहे अशा खाटेवर पडणे आणि दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांत जमिनीवर पडणे, यांतली ती दरी आहे. शिवाय सफाईचे आणि हमालीचे काम करणारे ताप उतरताच कामावर गेले, कारण न जाण्याची सोयच नव्हती.

दुसरा एक आकडा घराच्या आतला आहे. जगात अनेक ठिकाणी या साथीत पुरुष जास्त गेले. हिंदुस्थानात बायका जास्त गेल्या. कारणे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तरी तज्ज्ञांनी ती सांगितली आहेत. बायका आधीच अर्धपोटी होत्या आणि आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडे होती. उर्दूत याला ‘तीमारदारी’ म्हणतात. पुरुष पडला की बाई उठबस करते. बाई पडली की काही तास पडते आणि मग चुलीचा धूर दिसला नाही म्हणून सगळे घर तिच्याकडे पाहू लागते. रमजानमध्ये हे आणखी अवघड. तीनला उठून सहरी, दुपारी आजाऱ्याची पेज, संध्याकाळी रोजेदारांची इफ्तारी, रात्री पुन्हा आजाऱ्याचा जोशांदा. तिचा स्वतःचा रोजा असतोच. गरोदर असली तर? तिलाही रुख्सत आहे, अंगावर पाजणारीलाही आहे. १९१८च्या साथीने तरुण आणि त्यातही गरोदर बायकांना विशेष गाठले होते. म्हणजे ज्यांना सवलतीची सर्वात जास्त गरज होती, त्याच ती सर्वात कमी घेत असणार. हा अंदाजच आहे, पण आजची घरे पाहून केलेला आहे.

इस्लाममध्ये आजाऱ्याची विचारपूस करायला जाणे, ‘इयादत’, हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरचा हक्क मानला आहे. हक्क आहे म्हणून माणसे येतात, बसतात, चहा होतो, दुसरी खेप येते. साथीच्या काळात ही मायाच जीवावर उठते. पण त्याच परंपरेत साथ आलेल्या गावात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही पैगंबरांची शिकवणही आहे. दोन्ही एकत्र पाळायचे तर इयादत दारातून करावी. दूध, फळे, यखनीचे भांडे उंबऱ्यावर ठेवावे, नाव घेऊन हाक मारावी, परत फिरावे. शेजारच्या घरात सगळेच पडले असतील तर त्यांच्या माठात पाणी भरून ठेवावे.

नव्वद वर्षांनी हे सारे पुन्हा समोर आले, तेही पुण्यात. ३ ऑगस्ट २००९ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू तिथे नोंदला गेला आणि दोन-चार दिवसांत शहराचा चेहरा बदलला. शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, तोंडाला रुमाल आणि नायडू रुग्णालयापुढे घशाचा नमुना द्यायला लांबच लांब रांगा. त्या रांगेतल्या बहुतेकांना साधा सर्दीताप होता. काहींनी खरा फ्लू त्या रांगेतूनच घरी नेला असेल. २३ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती आणि त्याच दिवशी पहिला रोजा. मंडप आणि मशिदी दोन्हीकडे गर्दीचा महिना.

तेव्हा सरकारने रुग्णांचे तीन गट केले आणि ते कामाचे ठरले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेले ‘अ’ गटात. त्यांची चाचणी नाही, टॅमिफ्लू नाही, फक्त घरी वेगळे राहायचे आणि दोन दिवसांत पुन्हा तब्येत पाहायची. जास्त ताप असलेले किंवा गरोदर, वृद्ध, लहान मुले, मधुमेही, दमेकरी हे ‘ब’ गटात, त्यांच्याबाबत औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, ओठ-नखे निळी पडणे अशी लक्षणे दिसली की ‘क’, म्हणजे थेट रुग्णालय. १९१८ला वर्तमानपत्रे जे सांगत होती तेच ‘अ’ गटाला सांगितले गेले. फरक इतकाच की आता ‘ब’ आणि ‘क’साठी दार उघडे होते.

२००९चा तो विषाणू कुठे गेला नाही. तो दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेला आहे. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस, दुसरा जानेवारी ते मार्च. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सध्या याच दुसऱ्या हंगामात आला आहे. २०२३च्या मार्चमध्ये ‘एच३एन२’ने घरोघर खोकला लावला आणि २४ मार्चला पहिला रोजा होता.

तेव्हा ज्यांच्या घरी या महिन्यात कुणी तापाने पडले असेल त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ताप आहे तोवर रोजा नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः बोलून दाखवावे. आजारी माणसाला ते स्वतः म्हणायला जड जाते. खोलीची खिडकी उघडी, ग्लास-टॉवेल वेगळा, शुश्रूषा एकाच माणसाने करावी आणि त्याने मास्क लावावा. पाणी, पेज, सरबत, मुगाचे कढण थोडे थोडे पण सतत. तापाला पॅरासिटामॉल पुरते, मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, मागच्या वेळची उरलेली पट्टी काढून गिळू नये. विषाणूविरोधी औषध द्यायचेच ठरले तर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सर्वाधिक उपयोग, म्हणून गरोदर आणि मधुमेही यांनी दोन दिवस वाट पाहत बसू नये. आणि उतरलेला ताप एक-दोन दिवसांनी परत चढला, त्याबरोबर धाप लागली, तर ती जुनी १९१८ची खूण आहे. तडक डॉक्टरकडे जावे. तरावीहला जायची घाई नको. खोकला थांबेपर्यंत घरच्या जानमाजवर झालेली नमाजही नमाजच आहे, आणि सफमध्ये शेजारी उभा राहणारा सत्तरीचा असू शकतो.

उरले चुकलेले रोजे. बाजारात ईदची खरेदी संपली की ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण घरातल्या बायकांच्या राहतात. त्यांचा हिशेब पक्का असतो, कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या कॅलेंडरवर खुणा असतात. १९१८च्या जूनमध्ये ज्यांनी आजारामुळे रोजे सोडले आणि जे ऑक्टोबरातून वाचले, त्यांना कजा डिसेंबरात ठेवता आली असेल. डिसेंबरात मुंबईत रोजाचा दिवस सव्वाबारा तासांचा होतो, म्हणजे जूनपेक्षा सव्वादोन-अडीच तासांनी लहान, आणि हवा थंड. दिवाळी सरून थंडी पडली की कजाचे रोजे काढायला घ्यायचे, हा रिवाज अजूनही अनेक घरांत आहे.